विहिरीवरच्या शिव्या

१५ मार्च १९९८, रविवार

आजपासून लिहायचं ठरवलं. बोलून काही उपयोग होत नाही, आणि मनोरमा म्हणते तुमचं तेच तेच ऐकून माझे कान किटले. मग कागदाला तरी सांगावं. कागद जांभया देत नाही.

आजही जाग आली ती शिव्यांनीच. आमच्या 'शुभदा' इमारतीच्या मागे श्रीपतची वाडी आहे. वाडी कसली! मनवेलपाड्यात चहूकडे इमारती उठल्या, त्यातून उरलेला हा तुकडा. एक कौलारू घर, थोड्या केळी, एक विहीर आणि विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेला दगड. त्या दगडाला ते लोक बापदेव म्हणतात. आणि हा इसम रोज सकाळी पंप सुरू करण्याआधी त्या देवासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहतो आणि ओरडतो, "ऊठ रं भाडखावा! झोपलास क मेलास? पानी कोन देल, तुझा बाप?" पुढचं मी लिहिणार नाही. पुढे देवाची आई येते.

चौकशी केली तर म्हणे यांच्या घराण्याची रीतच आहे. होळी झाली की पाऊस लागेपर्यंत घरातल्या कर्त्या पुरुषाने देवाला रोज झाडायचं. त्याने तो जागा राहतो आणि विहीर आटत नाही. नवऱ्याच्या शिव्या देऊन झाल्या की याची बायको कमळी येते आणि त्याच दगडाला जास्वंद वाहते. काय म्हणावं आता याला! सगळा जन्म ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेला माझा. कॉल लागला नाही की लोक लाईनवर आईबहिणीचा उद्धार करायचे, आणि माझ्या हाताखालच्या मुली 'कृपया प्रतीक्षा करा' याच्यापलीकडे एक अक्षर बोलायच्या नाहीत, कारण मी त्यांना तसं शिकवलं होतं. निवृत्त झालो, गिरगावातली खोली सोडली, इथे फ्लॅट घेतला तो चार दिवस सुखाने काढायला. आणि नशिबी हा कोंबडा.

पंचाईत अशी की इमारतीची बोअर खारी निघाली, आणि नगरपालिकेचं पाणी कधी येईल ते नगरपालिकेलाही ठाऊक नसतं. सगळी इमारत श्रीपतच्या विहिरीवर जगते. तो पाण्याचं काही घेत नाही, कबूल आहे. म्हणून काय देवाची विटंबना ऐकून घ्यायची?

त्यातून सेक्रेटरी चंद्रहासने, मी रिकामा आहे असं धरून, गच्चीवर टाकी बघायचं काम माझ्या गळ्यात मारलंय. मी वर उभा, तो खाली पंपापाशी. आणि तिथून सगळ्या खिडक्यांना ऐकू जाईल असा ओरडतो, "अय परल्हाद, भाडखावा, भरली क नाय?"

मी 'भरली' एवढंच म्हणतो. माझी पातळी मी सोडत नाही.

१८ मार्च

जिन्यात पाटी लावली. 'कृपया सभ्य भाषेत बोलावे. देवादिकांचा अवमान करू नये.' अक्षर माझंच, चांगलं वळणदार.

चंद्रहासने थांबून वाचली आणि म्हणाला, "आयला, मस्तच लिहिलंय काका!" त्या नतद्रष्टाला आपण काय बोललो तेसुद्धा कळलं नाही. (नतद्रष्ट हे विशेषण आहे. शिवी नव्हे.)

तळमजल्यावर व्हेरोनिका राहते, इस्पितळात नर्स आहे. ड्यूटीवरून आली, पाटी वाचली आणि म्हणाली, "काका, आमचे फादर पण एवढी पापं मोजत नाहीत हां." मनोरमा फिदीफिदी हसली. जिन्यात, सगळ्यांदेखत.

वर आल्यावर मी शांतपणे म्हटलं, "आपल्याला ज्या विषयातलं कळत नाही, त्यात आपण हसू नये." संसारात मी तिच्यावर कधी आवाज चढवला नाही. राग आला की मी 'आपण' म्हणतो, बस्स. तेवढं पुरतं. ती दोन दिवस गप्प असते.

२२ मार्च, रविवार

आज स्वतः वाडीत गेलो. म्हटलं सुशिक्षित माणसाने आधी संवाद साधावा.

श्रीपत पंपाचा पट्टा बसवत होता. उघडा, कमरेला टॉवेल. मला बघून म्हणाला, "ये रं मुडद्या, बस. कमळे, परल्हाद आलाय, च्या टाक."

मी उभाच राहिलो. म्हटलं, "श्रीपत, तुम्ही देवाला शिव्या देता. आमच्या भावना दुखावतात."

"कोनाच्या?"

"आमच्या. हिंदूंच्या."

"मंग मी कोन हाय?" असं म्हणून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मग म्हणाला, "अरं, घरचा हाय तो. माझ्या बापाना शिव्या दिल्या तेला, आज्यानी दिल्या. घरच्याला बोलाचा नाय त कोनाला बोलाचा? रस्त्यानी जानाऱ्याला?"

"आणि मला? मला का शिव्या देता?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं. "तुला काय साहेब म्हनू?"

मी म्हटलं, हो. साहेब म्हणा, काका म्हणा, निदान अहो-जाहो करा. त्यावर तो नुसता मान हलवत पट्ट्याकडे वळला. कमळीने चहा आणला होता तो मी घेतला नाही. ती म्हणाली, "घ्या ना भाऊ, तेंचं तोंडच तसा हाय." म्हणजे तोंड तसं असलं की सगळं माफ! उद्या कुणाचा हात तसा असेल.

परत निघालो तेव्हा मागून आवाज आला, "शिंचा रागावला काय रं!" आणि पुन्हा ते हसणं. तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

२५ मार्च

मनोरमा दुपारी वाडीत जाऊन बसते हे आज कळलं. कमळीकडून केळफुलाची भाजी शिकून आली. येताना रताळी घेऊन आली. मी म्हटलं, ज्या घरात देवाला शिव्या देतात तिथली रताळी माझ्या ताटात नकोत.

ती पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, "ते शिवी देतात तेव्हा तोंडभर हसत असतात हो. तुम्ही 'आपण' म्हणता तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो."

काहीच्या काही! 'आपण' या शब्दाने कुणाच्या पोटात गोळा येतो? बायकांना तर्क शिकवणं म्हणजे डोकेफोड.

रताळी तिने एकटीने खाल्ली.

३० मार्च

अखेर या मनवेलपाड्यात एक माणूस भेटला. माणूस म्हणजे सभ्य माणूस.

अल्पेश, श्रीपतचा सख्खा पुतण्या. एका रक्ताची माणसं इतकी वेगळी कशी निपजतात, देव जाणे. पांढरा सफारी, मोटरसायकल, कपाळाला गंध. जमिनीचे व्यवहार करतो, शिवाय इथल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष आहे. दारात चपला काढून आला, माझ्या पाया पडला. म्हणाला, "काका, आपली पाटी वाचली. असं लिहिणारं कुणी राहिलं नाही आता."

तासभर बोललो. एक वावगा शब्द नाही. मी सगळं सांगितलं. तो मान खाली घालून ऐकत होता. "तात्यांना सांगून सांगून आम्ही थकलो, काका. देवाची अशी अवस्था बघवत नाही. त्या जागेवर छान संगमरवरी मंदिर व्हावं अशी माझी फार इच्छा आहे. पण तात्या त्या जागेला हात लावू देत नाहीत." मग बाल्कनीत जाऊन त्याने वाडी नीट पाहिली. कुंपण कुठून कुठे जातं, रस्ता किती रुंद आहे, सगळं मला दाखवलं. देवाबद्दल किती आस्था!

जाताना म्हणाला, "आपण फक्त एवढंच म्हणा की भावना दुखावल्या. बाकी आम्ही पोरं आहोत."

मनोरमाने त्याला चहा दिला नाही. दूध नासलं म्हणाली. संध्याकाळी त्याच दुधाचा चहा मला दिला.

५ एप्रिल, रविवार

सोसायटीची सभा झाली, गच्चीत. मी विषय मांडला: श्रीपतने रोज होणारी देवाची विटंबना थांबवावी आणि बापदेवासमोर जाहीर माफी मागावी. अल्पेश निमंत्रित म्हणून बसला होता.

चंद्रहास डोकं खाजवत म्हणाला, "काका, पाणी त्यांचं आहे. उगाच बोंब होईल."

मी म्हटलं, "पाण्यासाठी धर्म विकायचा का?" यावर सगळे गप्प. असं वाक्य टाकलं की गप्प बसण्यावाचून कुणाला गत्यंतर नसतं. ट्रंक एक्स्चेंजमधल्या माझ्या सवयी अजून गेलेल्या नाहीत.

व्हेरोनिका तेवढी उठली. म्हणाली, "मी नाही यात. माझी नाईट असते तेव्हा ते माझी कळशी भरून दारात ठेवतात, आणि मला विचारतात जेवलीस क नाय गे सटवे. माझी आईपण विचारत नाही."

मी म्हटलं, "हा आपल्या धर्माचा विषय नाही, तेव्हा आपण बाहेर राहिलात तर बरं." ती खाली निघून गेली. तिच्या पाठोपाठ आणखी दोन-तीन बायकाही गेल्या. त्यांत मनोरमा होती.

ठराव मंजूर.

११ एप्रिल, हनुमान जयंती

झालं. माफी मागितली त्याने.

सकाळी अल्पेश मंडळाची पोरं घेऊन वाडीत आला. वीसेक असतील. मी बाल्कनीत होतो. श्रीपत नुकताच दगडासमोर उभा राहून सुरू झाला होता, "ऊठ रं..." आणि पोरांनी त्याला गराडा घातला.

हे मात्र लिहून ठेवलंच पाहिजे, की एकाही पोराने शिवी दिली नाही. एकाने त्याचे दोन्ही हात मागे धरले होते, दुसऱ्याने मान. आणि अल्पेश अगदी शांतपणे म्हणत होता, "तात्या, कृपा करून कान धरा. तात्या, कृपा करून नाक घासा." सगळं अदबीने. श्रीपतने आधी त्यांना हासडल्या. मग जमिनीवर दाबल्यावर आवाज बंद झाला. दगडासमोरच्या मातीत नाक घासलं त्याने. उठला तेव्हा नाकाला, मिशीला माती आणि शेंदूर लागला होता.

कमळीने वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. "भाऊ, सांगा ना तेंना! भाऊ!"

मी काय सांगणार? पोरं माझं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. शिवाय चहा निवत होता. मी आत आलो.

मनोरमा अनवाणी धावत जिना उतरली. कमळीपाशी जाऊन बसली ती दुपारी वर आली. माझ्याशी बोलली नाही.

खरं सांगायचं तर नाक घासायला लावतील असं मला वाटलं नव्हतं. मला फक्त 'माफ करा' एवढे शब्द हवे होते. पोरं जरा वाहवली. पण हेतू शुद्ध होता.

१२ एप्रिल

सकाळ शांत. पंपाचा आवाज, बस्स. देवाला कुणी काही बोललं नाही. किती प्रसन्न वाटलं! अंथरुणात पडून रामरक्षा म्हटली.

टाकी भरत आली तरी खालून विचारणा होईना. वाट पाहून शेवटी मीच ओरडलो, "भरली!" पंप बंद झाला. कुणी काही बोललं नाही.

१९ एप्रिल, रविवार

शांतताच आहे. इमारतीतली माणसं जिन्यात भेटली की खाली बघून जातात. लाजत असतील आपल्या बोलण्याची. पाटीचा परिणाम.

आज टाकी भरून वाहिली. मी गच्चीत पेपर वाचत होतो. आधी तो विचारायचा म्हणून लक्ष राहायचं. चंद्रहास म्हणाला, "काका, एवढंसुद्धा जमत नाही का?" त्याच्या तोंडाला लगाम नाही, हे मी पूर्वीच म्हटलं होतं.

२९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

वाडीत नारळ फुटला. अल्पेश, एक जाडा बिल्डर, भटजी. मला वाटलं मंदिराचं भूमिपूजन. उत्साहाने खाली गेलो. तर पाच मजली इमारत! श्रीपतने जागा पुतण्याला लिहून दिली.

दोन वर्षं ज्या जागेसाठी म्हणे तो अल्पेशला दारात उभं करत नव्हता, ती अशी हातोहात कशी दिली? मनोरमाने सांगितलं, म्हणजे भिंतीकडे बघून सांगितलं. माती लागलेल्या तोंडाने विहिरीवर कसा जाऊ, म्हणतात. देवासमोर ज्याला आडवा पाडला तो कर्ता कसला, म्हणतात. बापदेवाशी त्या दिवसापासून बोललेले नाहीत. कमळीच्या भावाकडे चांदीपला जाणार.

अती झालं. एवढ्यातेवढ्याने कुणी वडिलोपार्जित जागा विकतं का? हटवादी माणूस. आणि अल्पेश जागेमागे होताच, तर त्याने मला सांगायला हवं होतं. मी विचारलं तेव्हा हात जोडून म्हणाला, "काका, मंदिर होणारच आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात. आपला आशीर्वाद असू द्या." पेढा दिला. मी खाल्ला. नाही कसं म्हणणार?

१४ मे

ट्रक आले. विहिरीत डबर टाकायला सुरुवात झाली. बापदेव उचलून गोणपाटावर ठेवलाय. पहिला ट्रक रिकामा झाला तेव्हा पाण्याचा जो आवाज आला तो आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला. मनोरमाने हातातलं भांडं खाली ठेवलं.

मी धावत गेलो. अल्पेशला म्हटलं, अहो, इमारतीच्या पाण्याचं काय?

"काका, पाण्याची काळजी आपण मुळीच करू नये. माझे टँकर आहेत. चंद्रहासभाऊंशी बोलणं झालंय."

"पण मी यासाठी नव्हतं सांगितलं! मी देवासाठी..."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हसत होता. "काका, आपण ज्येष्ठ आहात. ज्येष्ठांनी अशा कामाच्या ठिकाणी उभं राहू नये. चुकून एखादा दगड लागायचा. आपल्या काळजीपोटीच सांगतो." हात खांद्यावरून काढला नाही. दाबला.

शब्दांत खोट काढायला जागा नव्हती. एकेक शब्द मोजूनमापून, एक्स्चेंजमधल्या मुलींना मी शिकवला असता तसा. तरी मी मुकाट्याने मागे फिरलो. जिना चढताना श्रीपतचा तो शब्द तोंडाशी आला, पहिल्याच अक्षरापर्यंत. गिळला. मी काही तसा माणूस नाही.

१६ मे

दोनच दिवसांत घराघरांतून शिव्या ऐकू येऊ लागल्या. टँकर उशिरा आला की टँकरला, आला की रांगेत पुढे घुसणाऱ्याला, पाणी मचूळ निघालं की अल्पेशला, आणि काल जिन्यात हळू आवाजात मला. पाटी कुणीतरी काढून नेली आहे. रांगेत बादलीखाली घेतलेली दिसली.

१७ मे, रविवार

श्रीपत आज गेला.

वाडीच्या फाटकाशी टेंपो उभा होता. पेट्या, भांडी, पंपाचा तो पट्टासुद्धा. कमळी आणि मनोरमा एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. श्रीपत पुढे ड्रायव्हरशेजारी बसला होता, मांडीवर गोणपाटात गुंडाळलेला बापदेव. पोराला धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. स्वच्छ सदरा घातला होता. त्याला सदऱ्यात मी पहिल्यांदाच पाहिला.

मी खाली उतरलो. का उतरलो, सांगता येत नाही. निरोप देणं हा शिष्टाचार आहे. आणि मला वाटत होतं, आता तो मला हाणणार. काय काय म्हणेल याची मी जिन्यात मनाशी उजळणी केली होती. माझ्या आईवरून जाईल, माझ्या सात पिढ्यांवरून जाईल. जाऊ दे म्हटलं, आज ऐकून घेईन. खरं म्हणजे ऐकायलाच गेलो होतो.

म्हटलं, "श्रीपत, पाणी गोड होतं हो तुमचं."

तो टेंपोतून खाली उतरला. दगड सीटवर ठेवला. माझ्यासमोर उभा राहून त्याने दोन्ही हात जोडले.

"साहेब," म्हणाला, "आपल्याला आमच्या तोंडाचा फार तरास झाला. माफी असावी."

मी उभाच. म्हटलं, आता हसेल. आता म्हणेल, काय रं परल्हाद, फसलास क नाय भाडखावा. त्याच्या मिशीकडे बघत राहिलो. तिथे काही हललं नाही.

"येतो साहेब. नमस्कार."

टेंपो गेला. मी हात वर केला होता, तो तसाच राहिला.

म्हणजे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. साहेब म्हणाला, अहो-जाहो केलं, सर्वांदेखत माफी मागितली. दोन महिन्यांपूर्वी याच शब्दांसाठी मी त्याच्या दारात गेलो होतो. मग फाटकाशी तसाच का उभा राहिलो, ते कळत नाही. ऊन फार आहे हल्ली.

वर आलो, खुर्चीत बसलो. मनोरमा आत गेली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. डोळे पुसलेले होते. बोलली, म्हणजे हनुमान जयंतीनंतर पहिल्यांदा धड माझ्याकडे बघून बोलली. मला बरं वाटलं.

"टँकरचं आहे," ती म्हणाली. "आपण गाळून घ्यावं."

इतक्या वर्षांत ती मला कधी 'आपण' म्हणाली नव्हती. मी म्हटलं, "मनोरमा?"

"आपल्याला आणखी काही हवंय का?"

मी नाही म्हटलं. ती आत गेली. दार अगदी हळू लावलं, आवाजसुद्धा झाला नाही.